रेकॉर्ड शॉट

कॅमेऱ्याच्या दुकानात पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "किती एक्स?" दुकानदारही त्याच भाषेत उत्तर द्यायचा. वीस एक्स, तीस एक्स, चाळीस एक्स. बहुतेकांची समजूत अशी की तीस एक्स म्हणजे वस्तू तीसपट जवळ दिसणार. तसं नसतं. लेन्सचा सगळ्यात लांबचा टप्पा भागिले सगळ्यात रुंद टप्पा, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आमच्या घरातल्या कॅमेऱ्याचा रुंद टप्पा जुन्या फिल्मच्या मापात २५ मिलिमीटरचा आणि लांबचा ७५० मिलिमीटरचा, म्हणून तो तीस एक्स. ५० मिलिमीटरला साधारण आपल्या नजरेसारखं चित्र येतं असं धरलं, तर हा कॅमेरा लांबची वस्तू पंधरापट मोठी करून दाखवतो. पाव किलोहून जरासं जास्त वजन, सदऱ्याच्या खिशात मावणारा आकार आणि पंधरापट नजर! मला अजूनही हे फार मोठं देणं वाटतं.

बाबांनी तो २०१४ साली घेतला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर. त्या काळात झूमची शर्यत जोरात होती. २००६ मध्ये पॅनासॉनिकच्या टीझेड१ नं छोट्या कॅमेऱ्यात दहापट झूम आणला तेव्हा त्याचंही अप्रूप होतं. २०१२ मध्ये कॅननचा एसएक्स५० पन्नासवर पोचला, २०१५ मध्ये निकॉनचा पी९०० त्र्याऐंशीवर आणि २०१८ मध्ये पी१००० थेट सव्वाशेवर. पण हे मोठे पल्ले गाठणारे कॅमेरे खिशातले राहिले नव्हते. पी१००० तर १.४ किलोचा. बाबांना गळ्यात ओझं नको होतं. खिशात राहील आणि देवळाच्या कळसापर्यंत पोचेल, या दोन अटींवर त्यांनी निवड केली.

देवळाचा कळस हीच त्यांची मूळ गरज होती. आम्ही नाशिकचे, त्यामुळे सिन्नरचं गोंदेश्वर लहानपणापासून पाहिलेलं. यादवकाळातलं, काळ्या दगडातलं पंचायतन. मध्ये महादेव, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची छोटी देवळं. शिखर भूमिज शैलीचं, म्हणजे मोठ्या शिखराच्या अंगावर छोट्या शिखरांच्या रांगा चढत चढत वर जातात. खाली उभं राहिलं की त्या रांगा दिसतात, पण वरच्या रांगांमधलं काम दिसत नाही. बाबा म्हणायचे, "खालचं सगळ्यांचं बघून झालंय. वर काय आहे ते बघ." सकाळचं तिरकं ऊन शिखरावर आलं की ते ओट्यावर बसायचे, कोपर गुडघ्यावर टेकवायचे आणि एकेक रांग टिपत वर जायचे. घरी आल्यावर ते फोटो टीव्हीवर लावून आम्ही बघायचो. कुठे पावसानं झिजून गुळगुळीत झालेली नक्षी, तर आडोशाच्या बाजूला तीच नक्षी काल छिन्नी फिरवल्यासारखी धारदार. एका गावच्या देवळात तर शिखराच्या सांध्यातून पिंपळाचं रोप निघालेलं त्यांना स्क्रीनवर दिसलं. खालून ते कुणाच्याच नजरेत आलं नव्हतं. बाबांनी पुजाऱ्यांना बोलावून फोटो दाखवला, मुळं दगडात कशी शिरतात ते आपल्या खात्याच्या भाषेत समजावून सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो तर रोप काढलेलं होतं. त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

जंजिऱ्याला जाताना राजपुरीहून शिडाच्या होडीत बसतात. किल्ल्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत तटात लपलेला असतो आणि एकदम समोर येतो. दरवाजाजवळ पंजांत हत्ती पकडलेल्या शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, शिल्प आहे. होडी हलत असते, उतरायची घाई असते, मागचे लोक ढकलत असतात. अशा वेळी लेन्स बदलायची, ट्रायपॉड उघडायचा, हे शक्य नाही. खिशातून काढला, एका बोटानं झूम ओढला, दाबला. शरभ कॅमेऱ्यात आला. शरभाचं शेपूट कसं वळलंय, हत्तींची धडं त्याच्या मापापुढे किती एवढीशी कोरलीत, हे आम्ही परतीच्या होडीत स्क्रीनवर पाहिलं.

मग बाबांच्या मानेचं दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी वर बघत बसायला मनाई केली आणि कॅमेरा आईकडे आला.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला देवळांपेक्षा पक्ष्यांची ओढ. आमच्या घरामागे शेवग्याचं झाड आहे. तो फुलला की शिंजीर येतात, फांदीच्या टोकावर तांबट बसून टुक टुक करत राहतो. आईनं आधी त्या झाडावर हात बसवला. या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, म्हणजे व्ह्यूफाइंडर नाही. पाठीमागच्या स्क्रीनवर बघायचं. त्यामुळे कॅमेरा हातभर पुढे धरला जातो आणि लांबच्या टप्प्यावर सगळं चित्र थरथरतं. आईनं स्वतःची पद्धत शोधली. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालायचा आणि कॅमेरा पुढे ढकलून पट्टा ताणायचा. कोपरं बरगड्यांना टेकवायची. श्वास अर्धा सोडून थांबायचं. शक्य असेल तर खांबाला किंवा गाडीच्या खिडकीला टेकायचं. बाबांनी तिला एक युक्ती दिली, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का फोटोत येत नाही. उडत्या पक्ष्याला ही युक्ती चालत नाही, पण चिखलात उभ्या असलेल्या पक्ष्याला छान चालते.

लांबच्या टप्प्यावर पक्षी चौकटीतून निसटला की पुन्हा सापडत नाही. पंधरापट नजर म्हणजे पंधरापट अरुंद नजर. या जातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना त्यासाठी एक बटण असतं. दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी पुन्हा चौकटीत धरायचा, बटण सोडलं की झूम होता तिथे परत जातो. मला विचाराल तर या कॅमेऱ्यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. जाहिरातीत मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात असायचे आणि हे बटण कुठेतरी तळाशी.

आता या कॅमेऱ्याच्या मर्यादांबद्दल. त्या समजल्याशिवाय त्याच्यावर माया करता येत नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे जिथे प्रकाश पडून चित्र बनतं तो तुकडा, ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरचा आहे. करंगळीच्या नखाहूनही लहान. व्यावसायिक फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, क्षेत्रफळानं सुमारे तीसपट. सेन्सर एवढा लहान म्हणूनच लेन्सही लहान ठेवता येते. ७५० हा आकडा तुलनेचा, प्रत्यक्षात आतल्या लेन्सची केंद्रलांबी, म्हणजे ज्या मापात हे टप्पे मोजतात ती लांबी, त्या टोकाला १३५ मिलिमीटर आहे. आणि तिथे तिचं तोंड जेमतेम २ सेंटिमीटरचं उरतं. केंद्रलांबी भागिले हे तोंड, म्हणून त्याला एफ ६.९ म्हणतात. एवढ्या छोट्या तोंडातून येणारा प्रकाश कडांवरून वळतो आणि एक बिंदू बिंदूसारखा न उमटता छोट्या चकतीसारखा पसरतो. माझ्या हिशेबानं ती चकती सेन्सरवरच्या सात पिक्सेलांएवढी रुंद होते. म्हणजे १६ मेगापिक्सेल असले तरी लांबच्या टोकाला तेवढा बारकावा मिळतच नाही. हे प्रकाशाच्या स्वभावातच आहे, कुठलीही कंपनी त्यापुढे जाऊ शकत नाही. शिवाय प्रकाश कमी पडला की आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढतो, चित्रात दाणे येतात, ते पुसायला कॅमेरा चित्र सारवतो आणि पिसांचे धागे एकमेकांत मिसळून जातात.

आणि हवा. हिवाळ्यातही दहा वाजून गेले की पाण्यावरची आणि शेतावरची हवा तापून हलायला लागते. लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा डुलतो. त्याला लाखोंची लेन्सही काही करू शकत नाही. म्हणून आई पहाटेचा चहा थर्मासात भरून निघते.

निघते ती बहुतेक वेळा नांदूर मध्यमेश्वरला. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा आहे. बाबा या बंधाऱ्याबद्दल वेगळं बोलतात. गाळ साठत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीनं ही अडचण, पण पक्ष्यांसाठी त्याच गाळानं घर केलं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला वनखात्याचे मनोरे आहेत, गावातलेच तरुण गाइड म्हणून येतात. त्यांची नजर अशी तयार आहे की आपल्याला पाणी आणि गवत दिसतं तिथे ते तीन जातींची बदकं वेगळी करून सांगतात.

एका सकाळी चिखलात एक तुतारी, म्हणजे पाणथळ जागेतला छोटा पक्षी, चरत होती. तुताऱ्या ओळखणं अवघड. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी या दोघी तर लांबून सारख्याच, तपकिरी पाठ, पांढरं पोट, शेपटी सतत वरखाली. आई म्हणाली, "हिरवी आहे." गाइड म्हणाला, "मावशी, ठिपकेवाली." आईनं वाद घातला नाही. मनोऱ्याच्या कठड्यावर कोपरं टेकवली, झूम शेवटपर्यंत नेला आणि पाठोपाठ बरेच फोटो काढले. मग सावलीत बसून एकेक मोठा करून पाहिला. बहुतेक हललेले. एकात मात्र पक्ष्यानं मान वळवली होती. मागे लव्हाळ्याचा हिरवा चिखल, पाय दिसत नाहीत, चोचीचं टोक पुसट. पण डोळ्यावरची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती. हिरव्या तुतारीची भुवई डोळ्यापाशीच थांबते. आई गाइडला म्हणाली, "तुझं बरोबर. ठिपकेवाली." आणि वहीत लिहिलं.

पक्षिनिरीक्षकांच्या बोलण्यात अशा फोटोला रेकॉर्ड शॉट म्हणतात. भिंतीवर लावायचा नाही, स्पर्धेला पाठवायचा नाही, इन्स्टाग्रामवर तर कुणी वळूनही बघणार नाही. त्याचं काम एकच, हा पक्षी या दिवशी इथे होता हे सांगणं. अनेकजण हा शब्द दिलगिरीच्या सुरात वापरतात, "फक्त रेकॉर्ड शॉट आहे हो." मला हा सूर अजिबात पटत नाही. एवढ्याशा भुवईवर एका जातीची नोंद ठरते, आणि ती भुवई त्या फोटोत असते. सुंदर फोटोकडून आपण आणखी काय मागतो?

महाराष्ट्रातच याचं मोठं उदाहरण घडलं आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडाच्या कुळातला पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीनं सापडला नव्हता. मधल्या काळातला रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाचा १९१४ चा नमुना चोरीचा आणि बनावट नोंदीचा असल्याचं पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांच्या अभ्यासातून उघड झालं. जुन्या खोट्या नोंदीमुळे शोधणारे चुकीच्या जागी शोधत होते. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जागांकडे वळल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्याला शहाद्याजवळच्या जंगलात तो जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! त्यांनी तिथल्या तिथे त्याचं चित्रण केलं. त्या चित्रणात पक्षी सुंदर दिसतो की नाही, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला असेल? तो आहे, एवढंच पुरेसं होतं. पुढे मेळघाटात, तानसाच्या जंगलातही तो सापडत गेला.

आई आता तिच्या नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकते. तिथे एखाद्या जागेच्या मानानं नेहमीपेक्षा मोठा आकडा टाकला तर त्या भागाचे तपासनीस विचारणा करतात. एकदा आईनं मोजलेला चमचा पक्ष्यांचा थवा त्यांना जास्त वाटला. आईनं थव्याचे एकाला एक लागून काढलेले फोटो पाठवले. प्रत्येक चमचा म्हणजे पांढरा ठिपका आणि पुढे काळी चपटी चोच. त्यांनी मोजले, आकडा मान्य झाला. शाळेत आयुष्यभर हजेरी घेतलेल्या बाईंना ही पद्धत मनापासून आवडली आहे.

अंजनेरीला मात्र आम्ही दोघी जातो. त्र्यंबक रस्त्यावरचा हा डोंगर हनुमानाचं जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध. कड्यांच्या कपारीत भारतीय गिधाडांची, म्हणजे लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे मेलेलं जनावर खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर देशातल्या या गिधाडांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त संपली होती. जी उरली त्यांतली काही आपल्या नाशिकच्या कड्यांवर आहेत हे आठवलं की छाती भरून येते आणि काळजीही वाटते.

कड्यावरचं घरटं आधी दिसत नाही, दिसतात ते पांढरे ओघळ. वर्षानुवर्षांच्या विष्ठेनं काळ्या कड्यावर चुन्याची रेघ ओढल्यासारखी. त्या रेघेच्या वरच्या टोकाला कपार असते आणि कपारीत कुणीतरी बसलेलं. अर्ध्या किलोमीटरवरून आमच्या कॅमेऱ्यात गिधाड किती मोठं येतं याचा मी हिशेब केला आहे. ९० सेंटिमीटर लांबीचा पक्षी त्या अंतरावरून दोनशे पिक्सेलही भरत नाही. पण तेवढ्यात कळतं की ते नुसतं विसावलंय की अंग पसरून घरट्यावर बसलंय, आणि पुढच्या फेरीला त्याच्या शेजारी पिल्लाची करडी मान दिसते की नाही. या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. घरटं उधळलं गेलं तर त्या जोडीचं वर्ष वाया.

म्हणून मला लांबून घेतलेल्या धूसर फोटोचं मोल जास्त वाटतं. दहा लाखांवरची, तीन किलोची लेन्स घेतलेली माणसंही आम्हाला भेटतात. त्यांतले अनेकजण फार जबाबदार असतात, त्यांच्याकडून मी शिकले आहे. पण एवढी लेन्स हाती असूनही चौकट भरायच्या ओढीनं कड्याच्या काठापर्यंत सरकणारेही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे पक्षी घरट्यावरून उठतानाही पाहिला आहे. विणीच्या काळात उठलेला पक्षी म्हणजे उघडं पडलेलं अंडं. आईचा नियम सोपा आहे. पक्ष्यानं आपल्याकडे मान वळवून एकटक बघितलं की आपण फार जवळ आलो, मागे फिरायचं. हा नियम पाळायला छोट्या कॅमेऱ्यातला मोठा झूम खूप मदत करतो. मिळेल तेवढं घ्यायचं आणि निघायचं.

आकाशाच्या बाबतीत तर जवळ जाण्याचा प्रश्नच नाही. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांपासून एक दशांश अंशावर आले होते. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाएवढं अंतर. इतके जवळ ते याआधी १६२३ मध्ये आले होते. करोनाचं वर्ष, कुठे जाणं नाही, येणं नाही. सूर्य मावळल्यावर इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा वाळूच्या छोट्या पिशवीवर ठेवला, नैऋत्येकडे वळवला आणि टायमर लावला. अंधारात फोकस भरकटत होता, म्हणून आधी अर्ध्या चंद्रावर फोकस धरून तिथेच कायम केला. स्क्रीनवर गुरू आला, त्याच्या बाजूला त्याच्या चंद्रांचे बारीक ठिपके, आणि त्याच चौकटीत शनी, दोन्ही बाजूंनी फुगलेला. तोंडाला मास्क लावून मुलं रांगेत उभी. "काकू, शनीचं कडं कुठंय?" मी म्हटलं, ते फुगलेलं दिसतंय ना, तेच.

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओनं गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण वीसपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून. त्याच वर्षी त्यानं शनी पाहिला तेव्हा त्यालाही कडं उमगलं नाही, शनी तीन गोळ्यांचा असावा असं वाटलं. आमच्या गच्चीवरच्या मुलांना त्या संध्याकाळी जवळपास तेच दिसलं जे त्याला दिसलं होतं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं रांग मोडून पुन्हा बघितलं, आणि मग वहीत लंबगोल काढून नेला. (सूर्याकडे मात्र योग्य फिल्टरशिवाय कॅमेरा कधीही वळवू नये, ग्रहणाच्या दिवशी तर मुळीच नाही.)

आता लोक म्हणतात, फोन असताना हे कशाला? फोनचे कॅमेरे खरंच पुढे गेले आहेत. घरातले, माणसांचे, रात्रीचे फोटो मीही फोननंच काढते. पण लांबच्या वस्तूबद्दल मला एक गोष्ट खटकते. मार्च २०२३ मध्ये एका माणसानं चंद्राचा फोटो मुद्दाम १७० बाय १७० पिक्सेलांपर्यंत लहान करून धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. फोनमधल्या चित्रात विवरं उमटली, मूळ पडद्यावर नसलेली. कंपनीनं नंतर सांगितलं की फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं त्याचा बारकावा वाढवतो. चंद्राचं एक वेळ ठीक. चंद्र सगळ्यांना माहीत आहे, त्याची एकच बाजू आपल्याकडे असते. पण तुतारीच्या भुवईचं काय? एखाद्या यंत्राला वाटलं की या भागात, या ऋतूत अशी दिसणारी तुतारी ठिपकेवालीच असते आणि त्यानं भुवई लांबवून दिली, तर ती नोंद खोटी होईल आणि कुणालाच कळणार नाही. रानपिंगळ्याच्या बाबतीत एका खोट्या नोंदीनं शोधणाऱ्यांना किती भलतीकडे नेलं होतं!

आमचा कॅमेराही सारवासारव करतो, ते वर लिहिलंच आहे. पण तो पुसतो, रंगवत नाही. जिथे प्रकाश पोचला नाही तिथे तो धूसर राहतो, आणि धूसर आहे म्हणून बघणाराही सावध राहतो. "इथपर्यंत दिसतंय, पुढचं सांगता येत नाही," असं आई कितीतरी फोटोंबद्दल म्हणते आणि वहीत प्रश्नचिन्ह टाकते. तिच्या वहीतल्या प्रश्नचिन्हांवर माझा तिच्या नोंदींइतकाच विश्वास आहे.

या कॅमेऱ्यांचं एक दुखणं ते वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतं. झूम करताना नळी बाहेर येते तेव्हा ती हवा आत ओढते, आणि हवेबरोबर धूळ. धुळीचा कण सेन्सरवर बसला की लांबच्या टप्प्यात आकाशाच्या फोटोवर करडा डाग दिसतो. लेन्स निघत नसल्यामुळे घरी साफ करता येत नाही. दिवेआगरच्या किनाऱ्यावर वारं सुटलं आणि बारीक वाळू नळीच्या सांध्यात गेली, तेव्हा कॅमेरा करकरला आणि अर्ध्यावर अडकला. एम. जी. रोडच्या भागात एक दुरुस्ती करणारे काका आहेत. त्यांनी नळी उघडून वाळू काढली, सेन्सर पुसला, आणि आईला बजावलं, "बाई, समुद्रावर नेताना शॉवर कॅप घालून न्या, लेन्सपुरतं भोक पाडून." आईनं तसंच केलं. बघणाऱ्याला विचित्र दिसतं, पण काम चोख.

त्यांच्या दुकानात आता छोट्या कॅमेऱ्यांचे सांगाडे भरपूर पडलेत, सुटे भाग काढण्यासाठी. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये लेन्स न निघणारे कॅमेरे जगभरात सुमारे १०.८ कोटी गेले होते. २०२३ मध्ये १७ लाखांच्या आसपास. त्यातही मोठ्या झूमचे, खिशातले, फारच थोडे. सेकंडहॅण्ड घ्यायचा विचार असेल तर माझा सल्ला एवढाच. दुकानात झूम पूर्ण बाहेर काढून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा आणि तो मोठा करून डाग बघा. नळी आतबाहेर होताना कानाशी धरून आवाज ऐका. बॅटरी फुगलेली नाही ना ते बोटानं चाचपा, आणि तिच्या जातीची नवी बॅटरी मिळते का ते आधी विचारा. मेगापिक्सेलचा आकडा विचारूच नका.

काकांनी परवा आईला एक सांगाडा बाजूला काढून ठेवल्याचं सांगितलं. आमच्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटलेला, लेन्स शाबूत. आईनं त्याचे पैसे लगेच देऊन टाकले. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली की क्रौंच येतील, आणि यंदा तिला त्यांच्यातली त्या वर्षीची पिल्लं वेगळी मोजायची आहेत. पिल्लांच्या डोक्यावर मोठ्यांसारखा काळा-पांढरा रंग नसतो, तपकिरी असतो. लांबूनही तेवढं दिसेल असं तिचं म्हणणं आहे.